अंगठा द्यायची घाई

बोथट झालेल्या ड्रिल बिटला आपणच धार लावायची, असं एकदा मनावर घेतलं आणि तीन व्हिडिओ पाहिले. तिन्हींचे प्रेक्षक लाखांत. चित्रण स्वच्छ, आवाज स्पष्ट, बोलणारे हसतमुख. टोकाचा एकूण कोन ११८ अंश, म्हणजे अक्षापासून प्रत्येक बाजूला ५९, हे तिघांनीही सांगितलं. बिट ग्राइंडरच्या चाकावर कसा टेकवायचा आणि मनगट कसं फिरवायचं, हेही दाखवलं. मी तिघांनाही पसंतीचा अंगठा दिला आणि मग उठून ग्राइंडर सुरू केला. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा बिट दिसायला देखणा झाला. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या, टोक बरोबर मधोमध, कोनमापक लावला तर ११८. लोखंडाच्या पट्टीवर ठेवून दाबला तेव्हा मात्र तो किंचाळला, थोडा धूर काढला, एक चकचकीत गोल खळगा पाडला आणि तिथेच फिरत राहिला. जोर वाढवला तर टोक निळं पडलं. दोन बिट असेच वाया घालवल्यावर उलगडा झाला. धार कापते ती तिच्या मागचा भाग तिच्यापेक्षा खाली उतरता असतो म्हणून. साधारण ८ ते १२ अंशांचा हा उतार नसेल तर धार धातूला लागतच नाही, मागची टाच घासत बसते. त्या तिघांच्या हातात हा उतार होता. मनगटाच्या शेवटच्या छोट्या झटक्यात तो आपोआप पडत होता. तोंडात मात्र नव्हता. कॅमेराही समोरून लावलेला, आणि हा उतार नीट दिसतो तो बाजूने.

तिघांपैकी कुणीही एक वाक्य खोटं बोललं नव्हतं, आणि माझ्या मते सगळी अडचण तिथेच आहे. चुकीचं सांगणारा व्हिडिओ त्या मानाने लवकर पकडला जातो, कारण कुणी ना कुणी खाली येऊन भांडतं. पण अपुरं सांगणारा, सुबक, गोड व्हिडिओ वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. त्याला चांगला म्हणणारे आपण नेमकं कशाला चांगलं म्हणत असतो? सांगण्याच्या पद्धतीला, प्रकाशाला, बोलणाऱ्याच्या स्वभावाला. वर्कशॉपमध्ये असं कुणी करत नाही. तिथे टर्नर किती छान बोलतो हे कुणी विचारत नाही. त्याने केलेला जॉब, म्हणजे घडवलेला नग, उचलतात आणि मायक्रोमीटर लावतात.

कौशल्याच्या व्हिडिओची पारखही तशीच व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे. बघून काय वाटलं, हा त्याचा निकाल नव्हे. बघणाऱ्याच्या हातून काय उतरलं, हा त्याचा निकाल.

आज हा निकाल कुठेच नोंदला जात नाही. यूट्यूबने २०१२ साली क्रमवारीचं सूत्र बदललं आणि किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला वजन आलं. २०२० च्या जुलैपासून आठ मिनिटांच्या व्हिडिओतही मध्येच जाहिरात घालता येऊ लागली, आधी ती मर्यादा दहा मिनिटांची होती. २०२१ च्या नोव्हेंबरात नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून झाकला गेला. तो झाकण्यामागे कारण होतं, ठरवून केलेल्या हल्ल्यांपासून बनवणाऱ्यांना वाचवायचं होतं. पण नवख्याच्या हातात जी एक ओबडधोबड खूण होती, तीही गेली. या सगळ्या मापांमध्ये एक गोष्ट समान आहे. ती सगळी खुर्चीत बसलेल्या माणसाला मोजतात. तो उठून यंत्रापाशी गेला का, गेला तर काय झालं, हे मोजायला त्यांच्याकडे साधनच नाही.

मग बनवणाराही खुर्चीतल्या माणसासाठीच बनवणार, त्यात त्याचा दोष किती धरायचा? लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, चार जबड्यांच्या चकात जॉब पकडायचा, डायल गेज लावायचा, एक जबडा सैल करायचा, समोरचा आवळायचा, सुई हलायची थांबेपर्यंत, म्हणजे जॉब बरोबर मध्यावर येईपर्यंत, हेच करत राहायचं. नवख्याचा अर्धा तास यात जातो आणि खरं शिक्षण इथेच होतं. पडद्यावर हा भाग कंटाळवाणा, म्हणून कापला जातो. त्याजागी पाच सेकंद भराभर चित्रं सरकतात आणि पाठीमागे गिटार वाजते. मी तर आता खूणगाठच बांधली आहे. संगीत सुरू झालं की समजावं, इथे काहीतरी शिकण्यासारखं होतं.

बघण्याचा एक धोका याहून खोल आहे. शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये त्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न हलवता खालचं कापड झटक्यात ओढून काढण्याची करामत लोकांना दाखवली, काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना आपल्यालाही हे जमेल असा विश्वास जास्त वाटू लागला. फलकावर डार्ट फेकणं, मागे सरकत नाचायचा मूनवॉक अशा गोष्टींत पुढे प्रत्यक्ष करूनही घेतलं. विश्वास वाढलेला होता, कामगिरी होती तिथेच. दुरून डोंगर साजरे हे आपल्याला माहीत आहे, पण जवळून वीसदा बघितलेला डोंगरही चढेपर्यंत साजराच राहतो, हे त्यातलं नवं. मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेवटचा प्रयोग. वर फेकून झेलायच्या दांड्यांचा खेळ पाहिल्यावर काहींच्या हातात त्या दांड्या नुसत्या धरायला दिल्या. फेकायच्या नाहीत, फक्त धरायच्या. तेवढ्यानेच फुगलेला विश्वास खाली आला. वजन हाताला कळलं आणि डोळ्यांनी केलेला दावा मागे घेतला.

आता माझ्या त्या तीन अंगठ्यांकडे परत या. ते मी दिले तेव्हा बिट अजून हातातही घेतला नव्हता. म्हणजे निकाल देताना मी माझ्या फुगलेल्या विश्वासाला गुण देत होतो. व्हिडिओखालच्या 'किती सोप्या शब्दांत समजावलंत' या हजारो प्रतिक्रिया याच घडीला लिहिल्या जातात. (मराठीत अंगठा दाखवणे याचा अर्थ काय होतो, हे इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. आणि समोर गुरू नसताना शिकून अंगठा देणारा पहिला शिष्य कोण, हेही. पण एकलव्याने निदान बाण आधी चालवले होते.)

यावर एक रास्त आक्षेप येतो. नवख्याला चांगलं-वाईट कळत असतं तर तो नवखा कशाला राहिला असता? जॉबवरून पारख करा म्हणणं ठीक, पण त्यासाठी जॉब करावा लागतो, बिट जाळावे लागतात, आणि काही कामांत बिटावर भागत नाही. आक्षेप खरा आहे. पण करून पाहण्याआधीही काही खुणा दिसतात, आणि त्या ओळखायला कारागीर असावं लागत नाही.

पहिली म्हणजे आकड्यासोबत अट येते का. 'ड्रिल ९०० फेऱ्यांवर ठेवा' हे वाक्य निरुपयोगी आहे. कापण्याचा वेग धारेचा असतो, मोटरचा नसतो. हायस्पीड स्टीलच्या बिटने माइल्ड स्टीलला भोक पाडताना धार मिनिटाला २५ ते ३० मीटर सरकावी असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने १० मिमीच्या बिटला मिनिटाला सुमारे ९०० फेऱ्या बरोबर येतात आणि २५ मिमीच्या बिटला साडेतीनशेच्या आसपास. ९०० ऐकून २५ मिमीचा बिट चालवणारा तो जाळणार, आणि बोलणारा म्हणणार, मी तर बरोबरच सांगितलं. तसंच ते निळं पडणं. 'निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, फेकून द्या' हे इतक्यांदा ऐकू येतं की खरंच वाटतं. साध्या कार्बन स्टीलच्या पटाशीबद्दल ते खरं आहे. निळा रंग सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येतो आणि तोवर तिची धार मऊ पडलेली असते. पण हायस्पीड स्टीलला कारखान्यातच साडेपाचशे अंशांच्या आसपास टेंपर केलेलं असतं. नुसत्या निळेपणाने त्याचं फारसं बिघडत नाही. एकच रंग, दोन पोलादं, दोन अर्थ. कोणत्या पोलादाबद्दल बोलतोय हे जो आधी सांगतो, त्याच्याकडे मी थांबतो.

दुसरी खूण याहून मोठी, आणि मी तिला सर्वांत जास्त मान देतो. बनवणारा आपलंच काम मोडून दाखवतो का? वेल्डिंगचं उदाहरण घ्या. एकावर एक नाणी रचून आडवी पाडावीत तशी सुंदर लाट असलेली बीड, म्हणजे वेल्डची रेघ, कॅमेऱ्याला फार आवडते. पण जाड प्लेटवर कमी करंटने मिग वेल्डिंग केलं तर वितळलेला धातू वर नुसता पसरतो, खालच्या प्लेटशी एकजीव होत नाही. वरून पाहून ते ओळखता येईलच असं नाही. ओळखायची जुनी रीत आहे. दोन पट्ट्या उलट्या टी सारख्या उभ्या-आडव्या ठेवायच्या, एकाच बाजूने वेल्ड करायच्या, आणि उभी पट्टी हातोड्याने वेल्डच्या बाजूला झोपवायची, म्हणजे सांध्याचं मूळ उघडं पडतं. आत पट्टीची मूळ कड जशीच्या तशी दिसली तर ती बीड म्हणजे नुसती नक्षी. हे करायला पाच मिनिटं लागतात. वेल्डिंग 'शिकवणारे' किती व्हिडिओ ही पाच मिनिटं देतात, तुम्हीच मोजून बघा. सुतारकामात तोच मान करवतीने उभा कापून दाखवलेल्या सांध्याला आणि गुण्या लावून प्रकाशाकडे धरलेल्या कोपऱ्याला. कोपऱ्यातून प्रकाश आला आणि तोही त्याने दाखवला, तर मी त्या माणसाचा पुढचा व्हिडिओही पाहतो.

सुबकपणाचा आणि मोलाचा संबंध किती सैल असतो, याचं एक आवडतं उदाहरण. रंध्याच्या पात्यावर एक दुसरी पट्टी बसवलेली असते, चिपब्रेकर. ती कशासाठी याबद्दल हौशी सुतारांमध्ये बराच काळ गोंधळ होता. पात्याला आधार देते, थरथर कमी करते, यापलीकडे तिचा फार उपयोग नाही, असं अनेक जाणते लिहीत असत. २०१२ च्या सुमारास जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो यांचं एक जुनं चित्रण इंग्रजी वाचणाऱ्या सुतारांपर्यंत पोचलं. त्यात कुणी हसतमुख शिक्षक नाही, गिटार नाही. लाकूड कापणाऱ्या पात्याचं भिंगातून घेतलेलं बाजूचं दृश्य, एवढंच. पट्टी धारेपासून दूर असताना लाकडाचे तंतू धारेच्या पुढे फाटत जातात. तीच पट्टी ०.१ मिमीइतकी जवळ आणली की ढलपी उभी वळते, मागे दाबली जाते आणि फाटणं थांबतं. त्या रुक्ष फितीने वर्षानुवर्षांचा वाद बराचसा मिटवला. जुन्या कारागिरांना हे हाताने ठाऊक होतंच, आता डोळ्यांना दिसलं. त्या चित्रणाचं बळ कशात होतं? एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि बिघडलेलं व सुधारलेलं दोन्ही दाखवलं.

तिसरी खूण म्हणजे बोलणाऱ्याने हे स्वतः किती वेळा केलंय. समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७० च्या दशकात एक अभ्यास केला. कॅनडात तयार झालेला एका प्रकारचा लेझर ब्रिटिश प्रयोगशाळा बनवू पाहत होत्या. आराखडे छापलेले होते, माणसं तज्ज्ञ होती. तरी नुसत्या छापील मजकुरावरून कुणालाच तो चालवता आला नाही. चालवलेल्या माणसाशी संपर्क असलेल्यांनाच जमला. आणि गंमत म्हणजे ज्यांना सांगणारा मध्यस्थ होता, ज्याने स्वतः लेझर बांधलेला नव्हता, त्यांनाही जमलं नाही. आज शिकवण्याचे पुष्कळ व्हिडिओ अशा मध्यस्थांचे असतात. एकाचं पाहून दुसरा बनवतो, दुसऱ्याचं पाहून तिसरा, आणि दर पायरीला मनगटाचा एक झटका गळतो.

इथवर नुकसान बिटांचं झालं. आता बोटांचं. लाकडावर विजेच्या ठिणगीने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटवण्याचा एक प्रकार मध्यंतरी फार गाजला. त्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर काढायचा, सुमारे २००० व्होल्टचा. चित्रीकरणाला याहून देखणं काम नाही आणि वर्कशॉपमध्ये याहून मूर्खपणाचं काम नाही. करणारी माणसं मेली आहेत, एकदोन नव्हे. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली. पण व्यासपीठांचं काय? २०२२ मध्ये हे करू नका असं बजावणारा एक व्हिडिओच यूट्यूबने धोकादायक म्हणून काढून टाकला आणि ओरड झाल्यावर परत ठेवला. विस्तव कुठला आणि विस्तवाची पाटी कुठली, हे व्यासपीठाच्या नजरेला कळलं नाही.

म्हणूनच 'व्यासपीठांनीच दर्जा ठरवावा' या मागणीशी मी सहमत नाही. 'प्रमाणपत्र असलेल्यांनीच शिकवावं' याच्याशीही नाही. प्रमाणपत्रवाल्यांचे रटाळ आणि अपुरे व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि कुठलाही कागद नसलेल्या, आयुष्य लेथपाशी काढलेल्या माणसांनी भिंतीला फोन टेकवून केलेली चित्रणं अमूल्य आहेत. शिवाय बरेच धोके चौकटीच्या बाहेर असतात, ते कोणता परीक्षक पाहणार? टेबलाला जवसाचं तेल लावण्याचा व्हिडिओ लाकूड झळाळलं की संपतो. तेलाने भिजलेला बोळा कोपऱ्यात टाकला तर काही तासांनी तो आपोआप पेट घेऊ शकतो. व्हिडिओ संपलेला असतो, बोळा तिथेच असतो. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्डिंग केलं तर आर्कच्या प्रकाशात फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. पुसणं मात्र 'तयारी' म्हणून कापलेलं असतं. आणि 'तुम्हाला नीट दिसावं म्हणून गार्ड काढलाय' हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं, त्याच्या गोल करवतीने आजवर किती जणांना गार्डविना काम करायची सवय लावली असेल!

मग पारख कुणी करायची? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी. यासाठी नवी संस्था नको, कायदा नको. शिकवणाऱ्यांनी, कारागिरांच्या संघटनांनी आपापल्या विषयातले पाच-दहा व्हिडिओ निवडून, प्रत्येकात काय सुटलंय ते दोन ओळींत लिहून ठेवलं तर नवख्यांवर मोठे उपकार होतील. 'हा पाहा, पण मागच्या उताराबद्दल हा बोलत नाही' एवढं एक वाक्य माझे दोन बिट वाचवू शकलं असतं. आणि आपण प्रेक्षकांनी अंगठा काम होईपर्यंत राखून ठेवावा. प्रतिक्रिया लिहायची तर धातू कोणता होता, यंत्र कोणतं, काय बिघडलं, ते लिहावं.

फुकट शिकवणाऱ्याकडून एवढी अपेक्षा कशी करायची, असं म्हणणारे भेटतात. फुकट आहे म्हणून गप्प बसा, हा न्याय मला पटत नाही. बघणारा आपला वेळ, साहित्य आणि कधी बोटं मोजत असतो, तेव्हा ते फुकट नसतं. पण सूर मात्र सांभाळावा. यंत्राला हात न लावता 'चुकीचं आहे' म्हणून पळणारे आणि हात न लावता 'अप्रतिम' म्हणणारे, दोघं एकाच बाकावरचे.

धार लावायला मी शेवटी शिकलो तो चौथ्या व्हिडिओवरून. चाळीस मिनिटांचा, आवाज खरखरीत, प्रेक्षक काही शे. त्या माणसाने आधी मुद्दाम चुकीची धार लावली, बिट घासून किंचाळवला, बाजूने कॅमेऱ्यापुढे धरला आणि टाच कुठे लागतेय ते बोटाने दाखवलं. मग टोकावरच्या मधल्या आडव्या रेघेचा कल पाहून मागचा उतार कसा ओळखायचा ते सांगितलं. एकदा त्याचाही बिट एका बाजूला लांब झाला. त्याने तो भाग कापून टाकला नाही, बिट दुरुस्त करून दाखवला.

आठवडाभराने त्या पहिल्या तिघांपैकी एकाच्या व्हिडिओखाली मी लिहिलं: ८ मिमीचा बिट, माइल्ड स्टील, कोन बरोबर आला, मागचा उतार आला नाही, बिट घासला, तुमच्या मनगटाचा शेवटचा झटका बाजूने दाखवाल का? 'अप्रतिम' आणि 'धन्यवाद सर' यांच्या रांगेत ते दोन दिवस तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने खाली विचारलं, "चाक किती ग्रिटचं होतं तुमचं?"